ऊसपट्ट्यातला लेखक: आनंद यादव आणि कागल-बिद्रीचा मुलूख

कादंबरीकार आणि ललितनिबंधकार आनंद यादव यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३५ रोजी कागल येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. कागल हे कोल्हापूरच्या दक्षिणेला पुणे-बंगळूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. जवळूनच दूधगंगा वाहते आणि पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. याच तालुक्यात, कोल्हापूरहून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावर बिद्री आहे. बिद्री म्हटले की आज कोणालाही साखर कारखाना आठवतो. त्याच्या दूधगंगा-वेदगंगा या नावातच मुलखातल्या दोन्ही नद्या आल्या आहेत आणि कारखान्याच्या वसाहतीला पाटगावच्या मौनी महाराजांवरून मौनीनगर म्हणतात. यादवांच्या लेखनातला मुलूख हाच, पण त्यांच्या बालपणाचा काळ कारखान्याच्या धुराड्याआधीचा आहे. तेव्हा या पट्ट्यातला ऊस मोटेच्या पाण्यावर वाढायचा आणि गुऱ्हाळात गाळला जायचा.

कागल ही कोल्हापूर संस्थानातली घाटग्यांची जहागीर. राजर्षी शाहू छत्रपती मूळचे या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कोल्हापुरात राजाराम कॉलेज तर १८८० पासूनच होते. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी, म्हणजे यादव तेरा वर्षांचे असताना. शाळा, वसतिगृहे, ग्रंथालये यांची एवढी परंपरा असलेल्या भागातसुद्धा खंडाने जमीन करणाऱ्या कुळाच्या पोराला मराठी पाचवीतून शाळा सोडावी लागत होती. जमीन देसायांची, राबणारे घर दुसऱ्याचे, आणि दरसाल मालकाला द्यायचा तो फाळा. पीक बुडाले तरी फाळा चुकत नसे. अशा घरात पोरगा शाळेत गेला की मळ्यावरचे दोन हात कमी होत.

हे दोन हात कशाला लागत, हे मोट पाहिल्याशिवाय कळत नाही. विहिरीच्या काठावर दगडी थारोळे, त्यावर लाकडी चाक, आणि काठापासून उतरत गेलेली बैलांची वाट म्हणजे धाव. चामड्याच्या मोटेला दोन दोर असत: वरच्या चाकावरून जाणारा जाड नाडा आणि खालच्या कण्यावरून जाणारी बारीक सोल. बैल धावेवरून खाली चालले की भरलेली मोट वर येई आणि सोल ताणली गेली की तिची सोंड थारोळ्यात मोकळी होई. मग बैलांना मागे सरकवत आणायचे आणि पुन्हा हाकायचे. मोटकरी नाड्यावर बसून गाणी म्हणे, कारण हे काम पहाटेच्या अंधारात सुरू होई आणि ऊन चढेपर्यंत संपत नसे. पाटाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस खोरे घेऊन पाणी पाजत उभा असे. एक वाफा भरला की तिथले दार बंद करून पुढचे उघडायचे. यात ताकदीपेक्षा लक्ष लागते, म्हणून हे काम पोरांच्या वाट्याला येई. एकट्याने तासन् तास पाटाच्या कडेला उभे राहायचे, बोलायला कोणी नाही. यादवांची कविता या एकटेपणात सुरू झाली.

दिवाळीनंतर गुऱ्हाळे लागत. घाण्यात ऊस पिळायचा, रस काहिलीत घ्यायचा, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे कोंबायची. रस उकळू लागला की भेंडीचे चिकट पाणी घालून वर येणारी मळी झाऱ्याने काढायची. काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या ठरवी. एखादा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी चेपून बघायची, एवढेच त्याचे मोजमाप. गूळ कच्चा उतरला तर ढेप पाझरते, जास्त आटला तर काळा पडतो आणि कोल्हापूरच्या बाजारात भाव पडतो. वर्षाची कमाई त्या काही मिनिटांवर असे. यादवांच्या वडिलांचा हिशेब असा होता की आपले गुऱ्हाळ गावात सर्वांच्या आधी लावायचे, म्हणजे बाजारात गूळ तुंबण्याआधी आपल्या ढेपा विकल्या जातात. ऊस उभा ठेवला तर गूळ चांगला उतरतो, असे मानणारे शेतकरीही होते. ‘झोंबी’ या आत्मचरित्रात हा वाद सहज येऊन जातो. गरीब शेतकरी बाजारभावाचा किती बारीक विचार करतो, हे तिथे एका परिच्छेदात समजते.

शाळा सुटल्यावर परत कशी सुरू झाली, ती हकीकत ‘झोंबी’तली सर्वांत प्रसिद्ध हकीकत आहे. आई शेणी थापत बसली होती आणि पोरगा पाण्याच्या बादल्या आणून देत होता. त्या वेळी त्याने शाळेचा विषय काढला. वडिलांना, म्हणजे दादांना, सरळ सांगण्याची सोय नव्हती. मार पडला असता. रात्री मायलेक दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर गेले, सगळे सांगितले आणि आपण येऊन गेल्याचे दादांना कळू देऊ नका, अशी विनंती केली. देसायांनी दादांना बोलावून घेतले. थोड्या वेळाने पोरगा जेवायला बोलावण्याच्या निमित्ताने तिथे गेला आणि बोलणे त्याच्यासमोरच झाले. मालकापुढे दादांना नाही म्हणता आले नाही, पण त्यांनी अटी घातल्या. सकाळी अकरापर्यंत मळ्यात पाणी पाजायचे, दप्तर मळ्यातच न्यायचे, तिथूनच शाळेत जायचे. शाळा सुटली की तासभर गुरे चारायची. मळ्यात कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा नाही. वर्गात परत गेल्यावर सोबतचे सगळे पुढे गेलेले, नवी पोरे लहान. मळकट धोतर आणि गमछा या वेषावर त्यांनी पहिल्याच दिवशी चेष्टा केली. हा सगळा भाग यादव शांतपणे सांगतात, आणि म्हणून तो जास्त लागतो.

त्या शाळेत न. वा. सौंदलगेकर हे मराठीचे शिक्षक होते. ते कविता गाऊन शिकवत, चाल, यती, हावभाव यांसह, आणि स्वतःही कविता लिहीत. दारातल्या मालतीच्या वेलावर त्यांनी केलेली कविता पोराने वाचली आणि वेलही रोज पाहिला होता. कवी हा आपल्यासारखाच, डोळ्यांसमोरच्या वस्तूवर लिहिणारा माणूस असतो, हे त्याला तेव्हा कळले. मग पाणी पाजताना तो सरांच्या चालीत कविता म्हणू लागला. अनंत काणेकरांची एक कविता तर त्याने सरांची चाल सोडून वेगळ्याच चालीवर बसवली, आणि सरांनी ती वरच्या वर्गांपुढे म्हणायला लावली. कागद-पेन्सिल खिशात नसली की तो काडीने म्हशीच्या पाठीवर किंवा खड्याने दगडावर ओळी लिही. पूर्वी नकोसा वाटणारा एकांत आता त्याला हवासा झाला. शिक्षकाचे पुष्कळ ऋण सांगणारी आत्मचरित्रे मराठीत आहेत, पण शिक्षकाने नेमके काय शिकवले हे इतक्या बारकाईने सांगणारी थोडीच.

इथे काणेकरांचे नाव येणे हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. काणेकर कवी होते तसे लघुनिबंधकारही. ‘पिकली पाने’ हा त्यांचा संग्रह १९३४ चा. लघुनिबंध हा प्रकार मराठीत इंग्रजी निबंधाच्या वाचनातून आला. चार्ल्स लॅम, चेस्टरटन, रॉबर्ट लिंड, ई. व्ही. ल्यूकस, ए. जी. गार्डिनर हे लेखक कॉलेजांतून वाचले जात. छत्री हरवणे, गाडी चुकणे, टोपी बदलणे अशा क्षुल्लक प्रसंगावरून सुरुवात करून गप्पांच्या ओघात एखाद्या विचारापाशी येणे, ही त्यांची तऱ्हा होती. ती मराठीत रुजवण्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. ना. सी. फडके १९२६ पासून सुमारे दोन दशकांहून अधिक काळ राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि त्याच काळात त्यांच्या ‘गुजगोष्टी’ वाचकप्रिय झाल्या. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेतली नोकरी सोडून १९३८ मध्ये चित्रपटलेखनासाठी कोल्हापुरात आले ते कायमचे. ‘वायुलहरी’ हा त्यांचा लघुनिबंधसंग्रह त्याआधीच निघाला होता. दोघेही कादंबरीकार आणि दोघेही निबंधकार. इंग्लंडमध्ये कादंबरी आणि निबंध एकाच हाताने लिहिण्याची जी रीत होती, ती कोल्हापुरात अशी स्थिरावली. कागलपासून वीसेक किलोमीटरांच्या आत हे चालले होते. मळ्यावरच्या पोराच्या जगात मात्र त्यातले काणेकरांच्या एका कवितेएवढेच पोचले होते.

यादव मॅट्रिक झाले, घर सोडून पुढे शिकले, मराठीचे एम.ए. आणि पीएच.डी. झाले, महाविद्यालयांत शिकवले आणि पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. पहिले पुस्तक ‘हिरवे जग’ हा कवितासंग्रह १९६० मध्ये आला. कवितेपेक्षा कथा आपल्या हाताला जास्त बसते हे त्यांना लवकर उमगले असावे. ‘खळाळ’ हा कथासंग्रह १९६७ चा. पुढे ‘माळावरची मैना’, ‘डवरणी’, ‘उखडलेली झाडे’ असे संग्रह येत राहिले. त्यांच्या पुस्तकांची नावे एका ओळीत ठेवून पाहावीत: डवरणी, नांगरणी, झोंबी, गोतावळा. ही शेतातली, तालमीतली आणि भावकीतली नावे आहेत. प्राध्यापकाच्या टेबलावर ती सुचणे अवघड.

ग्रामीण कथा तोवर मराठीत चांगली रुळली होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची आणि ‘बनगरवाडी’ १९५५ ची. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच पट्टणकोडोलीचे शंकर पाटील कथाकथनाने गाजत होते. या लेखनात पात्रे बोलीत बोलत, पण सांगणारा बहुधा प्रमाण मराठीत सांगे. शिकलेला माणूस गावाकडे बघतो आहे, हे अंतर त्यामुळे राहून जाई. १९७१ च्या ‘गोतावळा’ कादंबरीत यादवांनी निवेदनही बोलीतच ठेवले. सांगणारा नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला लग्न नाही, घर नाही. बैल, म्हशी, रेडकू, कुत्रे, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक सुधारणा करतो, ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर दावणीवरून जाते. दावण रिकामी झाल्यावर नारबाचेही तिथे काही उरत नाही. यांत्रिकीकरणावर त्या काळात सभांतून आणि अहवालांतून पुष्कळ बोलले गेले, पण त्यातले नुकसान जनावरांच्या नावांनिशी मोजणारे पुस्तक हे एकच असावे. कागलची बोली शंभर-दीडशे पाने सलग टिकवणे हे सोपे काम नव्हते. शहरी वाचकाला सुरुवातीची पाने अडखळत वाचावी लागतात; नंतर मात्र प्रमाण भाषेत हा नारबा कसा बोलला असता याची कल्पनाही करवत नाही.

प्रत्यक्षातही तेच घडत होते. १९५० नंतरच्या दोन-अडीच दशकांत जिल्ह्यात कुडित्रे, परिते, बिद्री अशा ठिकाणी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. विहिरीवर आधी तेलाचे इंजिन आणि मग विजेची मोटर बसली. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि उपसा योजना यांनी माळाला पाणी नेले. कुळकायद्याने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग खुला झाला; १ एप्रिल १९५७ हा त्यातला ‘कृषक दिन’. ऊस आता तोडकरी तोडू लागले, ट्रकमधून किंवा बैलगाडीतून तो काट्यावर जाऊ लागला, आणि दराची चर्चा गुळव्याऐवजी कारखान्याच्या संचालकांशी होऊ लागली. कागल-बिद्रीच्या शेतकऱ्याच्या हातात यामुळे पैसा आला, हे निर्विवाद आहे. मोटकरी, मोटा शिवणारे, नाडे वळणारे आणि सालगडी यांचे काम मात्र त्याच वर्षांत गेले. यादवांनी या दुसऱ्या बाजूकडे जास्त पाहिले. कारखान्याचे राजकारण आणि सहकारातली माणसे त्यांच्या लेखनात तितक्या ताकदीने आली नाहीत, ही मर्यादा नोंदवायला हवी.

‘नटरंग’ ही त्यांची दुसरी गाजलेली कादंबरी. गुणा हा पैलवान गडी तमाशाच्या नादाने फड उभा करतो आणि नाच्याची भूमिका करायला दुसरे कोणी मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. पिळदार शरीर कमावलेल्या माणसाने बायकी हावभाव करायचे, आणि रंगमंचाबाहेरही लोकांनी त्याला तसेच वागवायचे, ही त्यातली कोंडी. कलेची ओढ आणि गावाची मर्दानगीची कल्पना यांचा संघर्ष कोल्हापूरच्या तालमींच्या मुलखात जितका टोकदार होईल तितका दुसरीकडे होणार नाही. ‘माउली’, ‘एकलकोंडा’ आणि ‘कलेचे कातडे’ या त्यांच्या इतर कादंबऱ्या मात्र या दोहोंच्या तोडीच्या नाहीत.

निबंधकार यादवांकडे वाचकांचे लक्ष कमी गेले आहे. ‘स्पर्शकमळे’ आणि ‘पाणभवरे’ हे त्यांचे ललितलेखसंग्रह, आणि ‘मराठी लघुनिबंधाचा इतिहास’ हा अभ्यासग्रंथ. म्हणजे फडके-खांडेकर-काणेकरांनी इंग्रजी वळणावर जो प्रकार घडवला, त्याचा इतिहास मळ्यावर पाणी पाजणाऱ्या पोराने लिहिला. लघुनिबंधातले ‘मी’ हे बहुधा मध्यमवर्गीय, फावल्या वेळातले आणि किंचित लाडावलेले असे. छत्री हरवण्याची मौज वाटायला आधी छत्री असावी लागते. यादवांच्या ललितलेखांतला ‘मी’ पाणी, माती, झाडे आणि गुरे यांच्याशी कामाच्या नात्याने बांधलेला आहे. त्यामुळे आठवण रम्य झाली तरी तिला घामाचा वास राहतो. एक गंमत इथे सांगण्याजोगी आहे. गार्डिनर ज्या टोपणनावाने निबंध लिहीत, त्याचा अर्थ ‘नांगरातला पहिला तारा’ असा होतो. इंग्लंडात सप्तर्षीला नांगर म्हणतात. तो नांगर आकाशातला होता. यादवांच्या ‘नांगरणी’तला मात्र कागलच्या मातीतला आहे.

१९७५ नंतरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली, तिचे यादव हे एक प्रमुख प्रवक्ते होते. ‘ग्रामीण साहित्य: स्वरूप आणि समस्या’, ‘ग्रामीणता: साहित्य आणि वास्तव’ या पुस्तकांत त्यांनी तिची भूमिका मांडली. खेड्यातला शिकलेला तरुण लिहू लागला पाहिजे, त्याने शहरी लेखनाची नक्कल सोडली पाहिजे आणि बदलत्या खेड्याकडे, त्यातल्या आर्थिक पिळवणुकीकडे पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मेळावे झाले, शिबिरे झाली, गावोगावचे नवे लेखक पुढे आले. ग्रामीण हा वेगळा कप्पा करावा का, यावर वादही बरेच झाले.

सर्वांत मोठे काम मात्र आत्मचरित्राचे. ‘झोंबी’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, पु. ल. देशपांडे यांच्या प्रस्तावनेसह. त्यानंतर ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ असे तीन भाग आले. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाची नजर तोवर बदलली होती. शेतकरी जातीतल्या कुळाच्या घरातली उपासमार, मारझोड, एकामागून एक जन्मणारी आणि दगावणारी भावंडे हे त्या नजरेपुढे सविस्तर आले ते ‘झोंबी’मुळे. बापाचे चित्र त्यात विलक्षण आहे. तो कठोर आहे, आळशी आहे, मारकुटा आहे. तरी फाळ्याच्या चिंतेने पिचलेला माणूसही तोच आहे, हे लेखक विसरू देत नाही. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. पुढच्या भागांत शिक्षण, नोकरी, भावंडांची जबाबदारी, पुण्यातले घर असा विस्तार होतो. मध्यमवर्गात शिरलेल्या माणसाची ओढाताण त्यांत खरी आहे, पण ‘झोंबी’ची घट्ट वीण तिथे सैल पडते.

उत्तरायुष्यात यादव संतचरित्राकडे वळले. ‘लोकसखा ज्ञानेश्वर’ आणि ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. महाबळेश्वर येथे मार्च २००९ मध्ये भरणाऱ्या ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्याच सुमारास तुकारामांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी क्षमा मागितली आणि पुस्तक मागे घेतले, तरी विरोध शमला नाही. अखेर त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. प्रकरण पुढे न्यायालयातही गेले. या वादाचा त्यांच्या शेवटच्या वर्षांवर खोल परिणाम झाला. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १ जानेवारी २०१० रोजी, रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ चित्रपट प्रदर्शित झाला. अतुल कुलकर्णी यांनी गुणा उभा केला, अजय-अतुल यांचे संगीत घरोघरी पोचले आणि कादंबरीला नवा वाचक मिळाला. पडद्यावर गुणाचे आडनाव कागलकर होते. ‘झोंबी’चा एक भाग हिंदीत ‘जूझ’ या नावाने बारावीच्या ‘वितान’ या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आला. त्यामुळे दिल्ली-लखनौकडच्या विद्यार्थ्यांना सौंदलगेकर मास्तर आणि देसायांचा वाडा परीक्षेपुरता तरी ठाऊक असतो. त्या धड्यात शेणीचे कंडे झाले आहेत आणि गुऱ्हाळाचा कोल्हू.